पहिल्या पट्टीवरची सही

पियानो सुरात लावायला आलेल्या ट्यूनर मुलीने पियानोचं झाकण उतरवलं, डावीकडची अगदी पहिली पट्टी उपसून काढली आणि खिडकीच्या उजेडात तिची कड न्याहाळली. कडेवर पेन्सिलीने केलेली सही होती. तिच्या वडिलांची. खालची तारीख तिने दोनदा वाचली. मग पट्टी अलगद सोफ्यावर ठेवली.

खोलीत आणखी दोघं होती. पियानो नऊ वर्षं ज्यांच्या घरी नांदत होता त्या शिकवणीच्या बाई, आणि तो बनवणाऱ्या कंपनीचे सर्व्हिसचे साहेब. सकाळी लावलेला पियानो संध्याकाळी बेसूर व्हायचा. बाईंचे निम्मे विद्यार्थी त्यापायी गळाले होते. वॉरंटी दहा वर्षांची होती. साहेबांनी आल्या आल्या भिंतीला हात लावला, नाक मुरडलं आणि खोलीत हवा दमट आहे, यात कंपनीचा दोष नाही, असं सांगून हात वर केले. कंपनीच्या मते जगातली सगळी हवा दमट होती, त्यांच्या कारखान्यातली तेवढी सोडून.

ट्यूनरचे वडील त्याच कारखान्यात बावीस वर्षं तपासनीस होते. पियानो पास केला की पहिल्या पट्टीच्या कडेला सही आणि तारीख घालायची, अशी तिथली पद्धत. ते इतके पियानो परत पाठवायचे की कामगारांनी त्यांचं नाव नकारघंटा पाडलं होतं. पुढे ओल्या लाकडाचे काही पियानो बाजारात गेले, तक्रारी आल्या आणि खापर त्यांच्यावर फुटलं. सही तुमचीच आहे, असं सांगून कंपनीने त्यांना काढून टाकलं. असले पियानो मी पास केलेच नाहीत, असं ते सांगत राहिले. पण दाखवणार काय? ते पियानो लोकांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसले होते.

मुलगी ट्यूनिंग शिकली ती त्यासाठीच. त्या कंपनीचा पियानो समोर आला की आधी पहिली पट्टी काढायची. आजवर बेचाळीस उघडले, आणि सगळ्या सह्या खऱ्या निघाल्या. अलीकडे तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली होती, बाबांचीच नजर चुकली असेल तर? त्या शंकेची तिला आता लाज वाटली. पाठोपाठ राग आला, इतक्या वर्षांचा, एकदम.

तिने साहेबांना जवळ बोलावलं आणि आत टॉर्च मारला. तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या ज्या फळीत बसवतात, ती फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती. ट्यूनिंगची किल्ली लावताच खुंटी सैल दातासारखी हलली. लाकूड नीट वाळवलंच नव्हतं, हे साहेबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाईंनी चिरेचे फोटो काढले आणि ग्राहक न्यायालयाचा विषय काढला.

साहेब चतुर होते. कंपनीचा एक पियानो गेला तरी चालेल, आपली खुर्ची शाबूत राहिली पाहिजे. त्यांनी सोफ्यावरची पट्टी उचलली, सही पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला.

“हा तर आमचा नकारघंटा,” ते म्हणाले. “डोळे मिटून सह्या ठोकायचा म्हातारा. तेव्हा मी कारखान्यात शिफ्टचा साहेब होतो, मीच घालवला त्याला.”

“मग तसंच लिहून द्या ना, साहेब,” ट्यूनर म्हणाली. “म्हणजे बाईंचं काम होईल आणि तुमच्यावरही काही येणार नाही.”

साहेबांना ते पटलं. त्यांनी फॉर्म काढला आणि ऐटीत लिहिलं. दोष कारखान्यातला, पियानो बदलून द्यावा. तपासनिसाने हलगर्जीपणा केला. त्या दिवशी शिफ्ट माझ्याकडे होती आणि त्याने ही सही माझ्यासमोर केली. पट्टीवरची तारीख ट्यूनरने वाचून सांगितली, तीही त्यांनी घातली. सही केली, शिक्का मारला, एक प्रत बाईंना दिली. बाईंनी ती कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

मग ट्यूनरने पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातला एक जुना कागद काढला आणि पट्टीशेजारी ठेवला. तिच्या वडिलांचं हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड होतं. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन. त्यानंतर सहा दिवस पेशंटला पालथं झोपवून ठेवलं होतं, मान वर करायची नाही अशी ताकीद होती. पट्टीवरची तारीख त्यातल्या चौथ्या दिवसाची होती.

साहेबांनी कार्ड वाचलं, मग पट्टीवरची तारीख वाचली. माल त्याच दिवशी निघायचा होता, तपासनीस रजेवर होता, मग सही कुणीतरी मारायलाच हवी होती, असं काहीतरी ते पुटपुटले.

“तुम्ही कोण?” त्यांनी विचारलं.

“नकारघंटेची मुलगी.”

त्यांनी फॉर्म परत मागितला. बाईंनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी नोकरी जाईल, असं ते म्हणाले. जाईल, असं ट्यूनर म्हणाली, आणि ते म्हणताना तिला फार बरं वाटलं. मग साहेबांनी विचारलं, माफीचं पत्र दिलं तर? ती म्हणाली की पत्राचा उपयोग नाही, बाबांना आता दिसत नाही. तिने फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि साहेबांची प्रत त्यांच्याच हातात दिली.

“बाबा, तुमच्या शिफ्टचे साहेब इथे आहेत. एका पहिल्या पट्टीवर तुमची सही सापडलीय. त्याबद्दल त्यांनी काय लिहिलंय, ते वाचून दाखवतायत.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

“आधी तारीख वाचायला सांग त्यांना,” बाबा म्हणाले.