जुळ्यांची वेळ

"वेळ लिहा ना साहेब. पहाटे तीन."

नेल ऑर्मरॉडने तिसऱ्यांदा तेच सांगितलं, तसा एडविन थ्रेलफॉलने टाक खाली ठेवला.

थ्रेलफॉल त्या भागाचा जन्म-मृत्यू निबंधक. राहत्या घराची पुढची खोली हीच त्याची कचेरी. वरच्या मजल्यावर त्याची बायको एडिथ अजून अंथरुणातच होती आणि शेजारी पाळण्यात विनिफ्रेड. आधीची तीन मुलं जन्मतःच गेली, त्यानंतरची ही लेक, जेमतेम तीन आठवड्यांची. तिच्यापायी हा करडा माणूस असा काही पाघळला होता की विचारू नका. हल्ली कुणी बाई तान्हं घेऊन आली की आधी त्याचे गाल कुरवाळायचा, मग नाव विचारायचा.

"अहो बाई, नोंदीत जन्माची तारीख लिहितात. वेळ लिहितात ती फक्त जुळ्यांची."

"मग लिहा की! जुळीच झाली मला."

नेलच्या शालीत बाळ एकच होतं, वॉल्टर नावाचा मुलगा.

"याच्यानंतर मुलगी झाली," नेल म्हणाली. "सुईण ग्रिमशॉबाई म्हणते, मेलेलीच जन्मली. मी म्हणते, रडली. एकदाच, पण रडली. पाच बाळंतपणं काढलीत मी. पोराचं रडणं मला कळत नाही होय?"

थ्रेलफॉलचा चेहरा उतरला. कायदा साधा होता, आणि मेला निर्दयही होता. मेलेलं जन्मलेलं मूल कुठेच लिहायचं नाही. जन्मात नाही, मृत्यूत नाही. पण एक श्वास जरी घेतला असेल, तर ते माणूस. त्याला नाव, त्याची दोन्हीकडे नोंद. आणि मग ते कशानं गेलं, याचा जाबही कुणीतरी द्यायला हवा.

"नवरा काय म्हणतो?"

"तो होय? म्हणतो, गेली ती गेली, खाणारं एक तोंड कमी झालं. गिरणीतल्या बाया म्हणतात, नेलचं डोकं फिरलंय. फिरू दे मेलं! हॅना नाव ठेवायचं होतं मला. तेवढं लिहा साहेब. नाहीतर माझी पोर झालीच नाही असं होईल हो."

तिला रडू फुटलं. थ्रेलफॉल क्षणभर वरच्या मजल्याकडे कान देऊन बसला, मग उठला आणि जिन्यापाशी जाऊन त्याने हाक मारली. सुईण ग्रिमशॉबाई एडिथला बघायला आली होती, ती वरच होती.

ती धपाधप पाय वाजवत खाली आली, आणि नेलला बघून दारातच थबकली.

"ग्रिमशॉबाई, हिची दुसरी मुलगी रडली होती का?"

"छे हो! निळी पडलेली होती पार. काय गं नेल, घरी पडून राहायचं सोडून इथे साहेबांचं डोकं खायला आलीस?"

"मी ऐकलं रडणं."

"तू काय ऐकणार, कपाळ! अर्धमेली झाली होतीस. आणि त्या रात्री माझे काय हाल झाले ते या साहेबांना विचार. बाईसाहेब इथे अडलेल्या. त्यांना अफूचे थेंब देऊन निजवलं आणि तुझ्याकडे धावले. तुझं उरकलं की परत इथे."

थ्रेलफॉलला ती रात्र आठवली. वर पाऊल टाकायचं नाही, असं बजावून ग्रिमशॉबाईने त्याला स्वयंपाकघरात बसवलं होतं. उजाडता उजाडता तिने विनिफ्रेडला आणून त्याच्या हातात दिलं, तेव्हा तो ओक्साबोक्शी रडला होता. या बाईला उलटं विचारायला त्याची जीभ रेटेना. पण नेलच्या जागी एडिथ असती तर?

"मूल कुठे पुरलंत?"

"पुरतात तिथेच. म्हातारा इशरवुड तेव्हाच वारला होता. त्याच्या शवपेटीत पायाशी ठेवलं. सगळे तसंच करतात, साहेब. निदान पवित्र जमीन तरी मिळते."

"मग ती पेटी वर काढावी लागेल. मुलाने श्वास घेतला होता की नाही, ते डॉक्टर फुप्फुस बघून सांगतो. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करतो त्या कॉरोनरला मी आजच कळवतो."

ग्रिमशॉबाईचा रंगच उडाला. "मेल्यांना कशाला उकरता हो? तुमच्या भल्याचं सांगते."

"माझ्या भल्याचं राहू द्या, हिचं बघा!" थ्रेलफॉल कडाडला. "हॅनाने श्वास घेतला असेल, तर तिचं नाव मी माझ्या हातानं लिहीन. आणि तुम्ही खोटं बोललात असं निघालं, तर तुरुंगात जाल. मग माझ्या लेकीची सुईण असलात तरी मी आड येणार नाही."

नेल त्याच्याकडे डोळे भरून बघत राहिली. इतक्या दिवसांत तिच्या बाजूने बोललेला हा पहिला माणूस.

त्याने टोपी घेतली. ग्रिमशॉबाई दारात आडवी उभी राहिली.

"थांबा. रडली होती ती."

"बघा!" नेल ताडकन उठली. "सांगत नव्हते मी? मग कशानं गेली गं माझी पोर?"

"गेली नाही."

नेल एक पाऊल पुढे सरकली. वॉल्टर शालीत चुळबुळला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"काय बरळता?" थ्रेलफॉल म्हणाला. "मग इशरवुडच्या पेटीत बाळ कुणाचं आहे?"

ग्रिमशॉबाईने एप्रनचं टोक तोंडाला लावलं.

"आत मुलगा आहे, उघडली की कळणारच. तुमचा, साहेब."