पुढलं तू देख

टक्, टक्. रुचिकाने रिमोट तळहातावर आपटला, तेव्हा कुठे शांत घरात टीव्ही उजळला. "मम्मी, आज काय देखानं?"

"पप्पांचं अर्धं राहिलेलं," मी नेहमीसारखं म्हणाले.

हे सुरतला कापडाच्या मिलमध्ये, आम्ही दोघी इथे रनाळ्याला. सिनेमांचं खातं तिघांत एकच. कामावरून आले की हे तिकडे मोबाइलवर सिनेमा लावायचे आणि अर्ध्यातच झोपायचे. सकाळी फोन यायचा, "मन्हा डोळा लागी गया. पुढलं तू देख, मंग माले सांग." मग संध्याकाळी भाकरी उरकून, त्यांनी सोडला तिथूनच मी तो बघायचे. सुरुवात ते सांगायचे, शेवट मी. असा एकेक सिनेमा आम्ही दोघांनी मिळून पाहिला.

यंदा दिवाळीला त्यांना सुट्टी मिळाली नाही. हल्ली ते शेवटही विचारत नाहीत. थकत असतील, असं मी धरून चालले होते.

रुचिकाने अर्धवट राहिलेल्यांतलं पहिलंच चित्र दाबलं. गुजराती अंगाई सुरू झाली, मध्यापासून. पडद्यावर पाळणा हलत होता. मी रिमोट मागितला, तिने दिला नाही.

"मम्मी, हाई ते बाळस्नं गाणं शे. मी ते मोठी व्हई गऊ ना," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "मंग पप्पा तठे कोनले देखाडी ऱ्हायना?"