वॉकरचं रबर

खालून उत्तनच्या मासेवालीची हाक आली, तशी आईने वॉकरला हात घातला.

"आज बोंबील मी बघून घेते. डॉक्टर चाल म्हणालेत, नीलम. नवा खुबा बसवलाय तो काय शोकेसमध्ये ठेवायला?"

"पुन्हा पडलीस तर? बस तू, मी आणते," म्हणत नीलमने नेहमीसारखा वॉकर दाराआड सरकवला.

बसून बसून आईच्या पायात रक्ताची गाठ झाली होती. तीच संध्याकाळी फुप्फुसात अडकली आणि आई गेली.

पंधरवड्याने शेजारच्या हंसाबेननी सासूसाठी वॉकर मागितला. खालचं रबर चाचपून त्या खूश झाल्या.

"अरे, एकदम नवा आहे! रबर पण घासला नाय."

नीलमचा हात वॉकरवरून सुटेना. आईच्या रिकाम्या कॉटकडे बघत ती म्हणाली,



"ऊठ आई, चाल. मी मागे उभी आहे."