अननसाची दुपार

दुपारी तीनला सासू अननस घेऊन घरी आली.

काट्यांनी पिशवी फाटते म्हणून तिने तो काखेत धरून आणला होता. सासऱ्यांचा चष्मे दुरुस्त करायचा धंदा होता. ते खिडकीपाशी एक काडी जुळवत बसले होते. त्यांनी आधी फळाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"याला घरात कोणी घेतलं?"

"मी घेतलं. तुम्ही तुमचं काम करा."

"मी काही बोललोच नाही. तीन वर्षांत बोललो नाही, आज कुठं बोलू."

सून आतल्या खोलीत कुशीवर पडली होती. दिवस भरून आठवडा होत आला होता. डॉक्टर म्हणाले होते, सोमवारपर्यंत वाट पाहू. पिवळ्या पडद्यातून ऊन गाळून येत होतं, आणि हल्ली ती सारा वेळ झोप आणि जाग यांच्यामध्ये कुठेतरी असायची. आधी वास आला. डोळे न उघडताच तिने तो ओळखला. पहिलं गेलं तेव्हापासून हा वास या घरात आला नव्हता.

सासू ताटली घेऊन उशाशी बसली. तिने अननसाचे डोळे तिरके चर पाडून काढले होते, फोडींवर मीठ आणि मिरपूड भुरभुरली होती.

"खा. याने कळा येतात. माझ्या आईने मला हेच दिलं होतं. दुपारी खाल्लं, रात्री तुझा नवरा हजर."

"आई, हेच ना ते?"

सासूने एक फोड पुढे केली.

"हे खाल्लं म्हणून पहिलं गेलं म्हणालात. येईल त्याला सांगितलंत."

"तेव्हा तिसरा महिना होता. आता दिवस भरलेत. काम तेच करतं गं ते. तेव्हा नको होतं, आता हवंय."

सुनेने फोड घेतली. जीभ चरचरली, हनुवटीवरून रस ओघळला. मग दुसरी. डोळे मिटले की पलंग कोमट, पिवळ्या पाण्यावर सुटल्यासारखा वाटायचा; काठ दिसत नव्हता, कोणी हाकही मारत नव्हतं. पोटात बाळाने कोपर फिरवलं आणि ते पुन्हा निवांत झालं. ये, असं तिला मनापासून वाटत होतं. आणि तितकंच मनापासून वाटत होतं, आज नको. उद्या ये, परवा ये. हिने दिलेल्या या फळाने येऊ नकोस. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिने पोटावर बोटं टेकवून ते सांगितलं.

"पुरे आता. तोंड सोलवटेल," सासू म्हणाली.

"असू दे."

तिने सगळं संपवलं.

ऊन पडद्यावरून सरकून भिंतीवर गेलं. सासूने तिच्या पोटावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. नवऱ्याचा कामावरून फोन येऊन गेला. सून मध्येच झोपेत जायची, पिवळ्या पाण्यात खोल उतरायची, आणि वर आली की तो हात तिथेच असायचा.

"काही वाटतंय?"

"काही नाही."

बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं, "गाडी सांगू का?"

"सांगेन तेव्हा सांगा," सासू म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने सुनेला विचारलं, "तेव्हा किती खाल्लं होतंस गं?"

"एक फोड. तुम्ही चिरत होतात. तुम्हीच दिली होतीत."

सासूने ताटलीकडे पाहिलं. तळाशी नुसता रस उरला होता. हात मात्र तिने उचलला नाही.

सहा वाजून गेले होते. कळा सुरू झाल्या नव्हत्या.