वेणूचे विश्वस्त

"वेणू, गॅसपासून लांब हो!" कपाटावरच्या पेटीतून बाबांचा आवाज आला.

बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. गतिमंद लेकीच्या ट्रस्टवर परका माणूस नको, म्हणून त्यांनी आपलं मन या पेटीत उतरवून पेटीलाच विश्वस्त नेमलं होतं. त्या मनात वेणू अजून अठराचीच होती.

चाळिशीची वेणू आता कार्यशाळेच्या कँटीनमध्ये साठ जणांचा स्वयंपाक करायची. मैत्रिणींबरोबर वसतिगृहात राहायला तिला विश्वस्तांची परवानगी हवी होती.

तिने वाफाळता कप पेटीच्या कॅमेऱ्यासमोर धरला. "बघा बाबा, चहा. मी एकटीने केला."

"खोटं बोलू नये, बाळा," बाबा मायेने म्हणाले आणि त्यांनी अर्ज नामंजूर केला.