हेल्मेटातला जास्वंदीचा वास

“पोरगी डोक्याक तेल लावूक दिणा नाय, मग हेल्मेटाक जास्वंदीचो वास खंयसून?” रुक्मिणी लेकीचं, रियाचं हेल्मेट हुंगत पुटपुटली. जास्वंद घालून कढवलेलं तेल सासूने आपल्या दोघी सुनांनाच शिकवलं होतं, आणि थोरल्या जावेशी नऊ वर्षं अबोला होता. दोघींच्या घरांमागच्या परड्यांमधला हद्दीचा दगडी गडगा तेव्हा हातभर सरकला होता. कोणी सरकवला, ते कोणीच बोलत नव्हतं. लेकीला फितवतात की काय, म्हणून संध्याकाळी ती रियाच्या मागोमाग खाडीकाठच्या नव्या स्केटपार्कवर थडकली. पुतणी उतारावरून सुसाट आली आणि हेल्मेट काढून तिने रियाला दिलं. दोघींत तेवढं एकच हेल्मेट होतं. कट्ट्यावर बसलेली जाऊ उठली. “पट्टो सैल ठेवू नको गो, पडशीत,” म्हणत तिने रियाच्या हनुवटीखाली तो आवळला. रिया धडपडली, पुतणीने हात दिला, दोघी हसल्या. भांडायला आलेली रुक्मिणी म्हणाली, “वयनी, गडगो आमीच सरकवलो.”