खिडकीतल्या वेलीवरचा पतंग

सातव्या कोषातूनही माशीच निघाली.

पतंगवाल्यांनी बरणी उजेडाकडे धरली. काळी, पिवळ्या पायांची, मुंगीएवढी परजीवी माशी काचेवर चालत होती. हिच्या आईनं जिवंत अळीच्या अंगात अंडं घातलं असणार. अळी बिचारी खात राहिली, वाढली, तिनं कोषही विणला. आपल्या आत कोण वाढतंय याचा तिला शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

"पुन्हा तुझीच जिंकली," ते टेबलापलीकडे बसलेल्या मित्राला म्हणाले.

मित्रानं मान हलवली. संग्रहालयाच्या त्या खोलीत दोघं तीस वर्षं समोरासमोर बसत होते, एक पतंगांची कपाटं सांभाळत, दुसरा माश्यांची. त्यामुळे सगळे त्यांना पतंगवाले आणि माशीवाले म्हणत. माशीवाल्यांना माणसांचं वावडं होतं. लग्न केलं नाही, कुणाकडे कधी जेवायला गेले नाहीत. पतंगवाल्यांच्या घरी तीस वर्षांत एकदाच आले, चार महिन्यांपूर्वी, तिला स्मशानात न्यायच्या वेळी. तेही दाराबाहेरच उभे राहिले.

ती म्हणजे पतंगवाल्यांची बायको. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं कुठून तरी एक वेल आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत लावली होती. वेलीवर अळ्या पडत. त्या ती रिकाम्या बरण्यांत घालून पाळायची, आणि दरवर्षी त्यातून माश्याच निघायच्या. पतंगवाले तिची थट्टा करायचे, पण बरणीत कधी वाकून बघायचे नाहीत. दिवसभर तेच करून आलेल्या माणसाला घरी पुन्हा किडे कशाला? दिव्याखाली अंधार, दुसरं काय. याचं त्यांना आता फार वाईट वाटत होतं, म्हणूनच तिच्या वेलीवरच्या अळ्या ते संग्रहालयात आणून पाळत होते.

यंदा ती अंथरुणाला खिळली, आणि नेमका यंदाच एका बरणीतून पतंग निघाला. राखाडी, पंखांच्या कडेला तांबूस पट्टा.

"ओळखता का याला?" तिनं विचारलं होतं.

त्यांना ओळखता आला नव्हता. सगळी कपाटं पालथी घातली, पण तसा पतंग कुठेच नव्हता. धावतच घरी येऊन ते तिला म्हणाले होते, "नवा आहे हा. याला तुझं नाव देतो."

तिनं मान वळवून बरणीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझं नको. दुसरं काहीही द्या."

ही जन्मभर अशीच, फोटोतसुद्धा मागे उभी राहणारी. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि तुझंच नाव देईन असा शब्द दिला. त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली.

आता तेवढा शब्द पाळायचा राहिला होता. अडचण एकच. पतंगाचं नाव एकदाच ठेवता येतं. ज्यानं आधी छापलं त्याचं खरं, मग तो अंक जगात कुणी वाचलेला असो वा नसो. म्हणून जुने सगळे अंक चाळावे लागतात. पतंगवाल्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. "ते माझ्याकडे लागलं," माशीवाले आपणहून म्हणाले होते, आणि दोन आठवडे ग्रंथालयात बसले होते.

"कुठेच नाही ना रे?" पतंगवाल्यांनी आज पुन्हा विचारलं.

"नाही म्हटलं ना. नवाच आहे. बिनधास्त ठेव तिचं नाव." माशीवाल्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही.

"आणि ही माशीही नवी?"

"हो."

"मग हिला तुझं नाव. पतंग माझ्या बायकोचा आणि त्याचा वैरी तू. दोघं एकाच लेखात."

माशीवाले हसले नाहीत. "माझं नको."

"अरे, तीस वर्षांत तुझ्यासाठी मी केलं काय? एवढं तरी करू दे."

"तिचं राहू दे. तेवढं पुरे आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तसाच खिशात ठेवून ते लवकर घरी गेले.

संध्याकाळी ग्रंथपाल बाई एक पाकीट घेऊन आल्या.

"सर, तुमच्या यादीतला एक अंक राहिला होता. एका मंडळाची पत्रिका, दोनच अंक निघाले आणि मंडळ बुडालं. आपली प्रत जागेवर नाही, म्हणून बाहेरून मागवली."

"माशीवाल्यांनी बघितलाय की तो."

"ते म्हणाले खरे, मागवू नका. पण अर्धी यादी ठेवून मला घास गोड लागत नाही."

बाई गेल्या. पतंगवाल्यांनी भिंग घेतलं आणि निव्वळ बाईंच्या समाधानासाठी पानं उलटली. अकराव्या पानावर शाईनं काढलेलं चित्र होतं. पंखांच्या कडेला पट्टा. खाली वर्णन: राखाडी, पट्टा तांबूस.

पतंग नवा नव्हता. कुणीतरी आधीच बारसं उरकलं होतं. मरणाऱ्या बाईला दिलेला एक शब्द, तोही गेला. ते भिंग तसंच धरून बसले. डोळे भरून आले होते, अक्षरं दिसेनात. रुमालानं डोळे पुसून, निदान काय नाव ठेवलंय ते तरी बघू म्हणून, त्यांनी चित्राच्या वरची ओळ वाचली.

शेवटचं लॅटिन शेपूट सोडलं तर ते तिचंच नाव होतं. त्याखाली नाव ठेवणाऱ्याची सही होती, रोज हजेरीपटावर त्यांच्या सहीखाली असायची तीच, आणि साल होतं त्यांच्या लग्नाच्या आदल्या वर्षाचं.